हिवतापाचा बाक

माझ्यावर ज्यांचे उपकार आहेत त्यांची नावं घ्यायला बसलो, तर पहिलं नाव जगन्नाथदादाचं येतं. माझा थोरला भाऊ. वडील हिवतापाने गेले तेव्हा तो मराठी सातवीत होता आणि मी पाटीवर अक्षरं गिरवायलाही लागलो नव्हतो. त्याने दप्तर खुंटीला अडकवलं ते पुन्हा काढलं नाही. नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीतला रहाट, त्याला जुंपलेला डोळे बांधलेला बैल आणि बैलामागे चालणारा दादा, हे सगळं माझ्या शाळेच्या आणि कॉलेजच्या वर्षांमागे सतत फिरत राहिलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, असं लोक म्हणतात. दादा चालत होता म्हणून मी बसून वाचू शकलो, हे त्यांना ठाऊक नसतं.

दिवाळी उलटली की दर वर्षी दादाकडून सुकेळ्यांची करंडी येते. आमच्या भागाबाहेर सुकेळी फारशी कोणाला माहीत नाहीत. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि मांडवावर गवत अंथरून उन्हात वाळत घालायची. रोज उलटायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. सातआठ दिवसांत ती आक्रसून मधाच्या रंगाची होतात. मग केळीच्याच वाळल्या सोपटात गुंडाळून, केळीच्याच दोरीने बांधायची. त्यांना एक वास असतो, गोड आणि जरासा आंबूस, उन्हात विसरून राहिलेल्या गुळासारखा. इतर वर्षी हात धुवायच्या आधी माझा एक तुकडा तोंडात गेलेला असतो. या वर्षी करंडी माझ्या टेबलाशेजारी तशीच बांधलेली आहे. बायकोने, सुमतीने, दोनदा विचारलं, "सोडू का?" मी म्हटलं, राहू दे.

त्या वासाची मला भीती वाटते आहे.

या वर्षी माझी झोप गेली आहे. वर्गात फळ्याकडे वळतो आणि काय लिहायला वळलो ते आठवत नाही. खडू हातात तसाच राहतो. मुलं पहिल्यांदा हसली. आता हसत नाहीत, गप्प बसून माझ्या पाठीकडे बघतात. जेवायला बसलो की घास तोंडात फिरत राहतो. कारण विचाराल तर काही नाही. नोकरी आहे, घर आहे, मुलगी चालायला लागली आहे. दादाची झोप गेली तेव्हाही कारण सापडलं नव्हतं. मला ते कळलं तेही याच दिवसांत, याच वासात.

स्वराज्य येऊन एखाददुसरं वर्ष झालं असेल. मी मुंबईला कॉलेजात होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. पाऊस गेल्यावर आमच्या वाड्यांमध्ये एक स्वच्छ ऊन पडतं, केळीच्या पानांतून गाळून आल्यासारखं हिरवट. अंगणात मांडव होता, मांडवावर केळी होती आणि केळ्यांवर गांधीलमाश्यांचा एकसारखा घूंऽऽ आवाज. कावळे हाकायला मांडवाजवळ कोणीतरी बसावं लागतं. दादा बसला होता. त्याच्या हातात काठी होती, आणि कावळा समोर केळं उचलून नेत होता.

"दादा, कावळा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, पण मी आल्याचं त्याला दिसलं नव्हतं. गालफडं बसली होती. इतक्या वर्षांत मी दादाला बिनकामाचा बसलेला पाहिला नव्हता.

आई स्वयंपाकघरातून आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताप येतो त्याला. एकांतरा." एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापाला आमच्याकडे एकांतरा म्हणतात. मी दादाच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं.

"आज नाही यायचा," आई घाईने म्हणाली. "उद्याची पाळी."

दुसऱ्या दिवशीही कपाळ गारच होतं. तेव्हा आई चुलीपुढे बसून रडली आणि खरं बोलली. भाद्रपदापासून तो झोपला नव्हता. पेज पुढे ठेवली की तिच्यात बोट बुडवून बसायचा. माझ्यामुळे वाडी वाळणार, असं म्हणायचा. एकदा रहाट चालू सोडून निघून गेला. बैल बिचारा डोळे बांधलेला, फिरत राहिला, पाणी पाटावरून फुटून सगळ्या पानवेलीत शिरलं. आई धावत गेली तर दादा विहिरीच्या काठावर बसून आत कान लावून ऐकत होता. "बाबा बोलतात," म्हणाला.

त्या दिवसापासून आई विहिरीकडे पाठ करून उभी राहिली नाही.

"मग ताप का सांगतेस?" मी विचारलं.

"मग काय सांगू? तूच सांग, शिकलेला आहेस तर. उमेळे गावची त्याची सोयरीक जुळत आली आहे. तुझ्या शिक्षणापायी आधीच लांबलंय त्याचं लग्न. आणि पाटलाच्या कानावर गेलं तर? त्याला ठाण्याला नेतील."

ठाण्याला नेतील. हा शब्द आमच्या घरात त्या महिन्यात कोणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. आमच्या लहानपणी पलीकडच्या आळीतल्या एका माणसाला नेलं होतं. पोलीसपाटलाने वर कळवलं, हुकूम आला, आणि त्याला हात बांधून बंदरावर आणलं. खाडीतून मचव्याने ठाण्याला. मचवा सुटला तेव्हा तो अगदी शांतपणे विचारत होता, "भरती कधीची आहे?" तो परत आला नाही. ठाण्याच्या त्या मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात काय असतं, कोण कसं वागवतं, बरं होऊन कोणी येतं की नाही, यातलं आम्हांला काहीही माहीत नव्हतं. कोणी जाऊन बघून आलेलं नव्हतं. माहीत नसल्यामुळेच ते मनात इतकं मोठं झालं होतं. कोणाच्या मरणाची बातमी सांगताना आवाज जसा खाली जातो, तसा "ठाण्याला" म्हणताना जायचा.

म्हणून आईने तापाचं निमित्त काढलं. आमच्याकडे तापाला कोणी हसत नसे. वाडीवाडीला विहीर, विहिरीविहिरीला डास. हिवताप नाही असं घर नव्हतं. आणि एकांतऱ्याची सोय अशी, की आज अंग गार असलं तरी ताप आहे असं म्हणता येतं. दोन कोसांवर सरकारी दवाखाना होता. बाजाराच्या दिवशी तिथे इतकी गर्दी व्हायची की तापवाल्यांसाठी दाराशी वेगळा बाक टाकलेला होता. त्या बाकावर फार विचारपूस होत नसे. जीभ बघायची, पापणी ओढून बघायची आणि घरून आणलेल्या बाटलीत कोयनेलचं, म्हणजे क्विनीनचं, औषध ओतून द्यायचं. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे, एक खाच म्हणजे एक डोस. आई दादाला त्या बाकावर बसवायची, म्हणायची, "एकांतरा," आणि बाटली भरून घ्यायची. काहीतरी औषध पोटात जातंय, एवढाच तिला धीर.

ताप नसलेल्या माणसाला महिनाभर कोयनेल. कोयनेलने कान गुणगुणतात हे आमच्याकडच्या पोरांनाही ठाऊक होतं, पण आई घाबरलेली होती. मांडवावरच्या गांधीलमाश्या संध्याकाळी निघून जात आणि दादा विचारायचा, "अजून कशा घोंघावतात?" बाबांचा आवाज आधी विहिरीत असायचा. आता तो त्या घोंघावण्यातून यायला लागला होता आणि दादाबरोबर घरभर हिंडत होता. आम्ही त्याला बरं करत नव्हतो. आम्ही त्या आवाजाला वाट करून देत होतो.

सुट्टीतल्या पुढच्या बाजारी मी त्यांच्याबरोबर गेलो. छकड्यातून जाताना दादा दोन्ही तळहात कानांवर ठेवून बसला होता. खरं सांगावं की न सांगावं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. सांगितलं तर मचवा. नाही सांगितलं तर विहीर. दवाखाना येईपर्यंत माझं काहीच ठरलं नाही.

बाकावर आधीच दोघं होती. एक मिठागराकडची बाई, मांडीवर पोट फुगलेलं पोर घेऊन. आणि टोकाला घोंगडी पांघरून कुडकुडत बसलेले आमचे पोलीसपाटील. त्यांना पाहून आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. पण आता परत फिरणंही दिसलं असतं.

"बस गं बाय," ती बाई सरकून म्हणाली. मग दादाकडे बघत, "कोयनेल कडू लागतंय ना भाऊ? वर पानी पी नि गुळाचा खडा खा. माझा हा बघ, खड्यासाठीच आजारी पडतो."

पाटील घोंगडीतून म्हणाले, "मला दे खडा. माझं तोंड तर कारल्यासारखं झालंय."

"तुम्हांला कोन गूळ देईल पाटील? तुम्ही आमच्याकडनं घेता तेवढं पुरे."

बाकावर हसू पसरलं. आईही हसली, इतकी जास्त की मला तिची भीती वाटली. तेवढ्यात डॉक्टर आले. मध्यम वयाचे, जाड चष्म्याचे, सदऱ्याच्या बाह्या वर केलेल्या. पाटलांना म्हणाले, "थांबा, तुमची थंडी उतरू दे," आणि दादाकडे वळले.

"किती दिवस चाललंय हे औषध?"

"महिना झाला," आई म्हणाली.

"आणि ताप?"

"एक दिवसाआड."

"आज?"

"आज पाळी नाही. उद्याची."

डॉक्टरांनी पापणी ओढायला हात पुढे केला. दादाने तो हात धरला. मला वाटलं, झालं, आता हा काहीतरी करणार. त्याने डॉक्टरांचा तळवा उचलून स्वतःच्या कपाळावर ठेवला आणि वर आपला हात दाबून धरला.

"डॉक्टर, मला ताप नाही," तो म्हणाला.

"तापात बोलतो तो असं," आई म्हणाली.

"ताप नाय, आई. उद्या पण नाय." दादाचा आवाज साधा होता, पाणी किती सोडलं ते सांगताना असायचा तसा. "मला झोप येत नाही. माझे वडील मेलेत, ते माझ्याशी बोलतात. विहिरीत ये म्हणतात. मला जायचं नाही. आणि हे औषध घेतल्यापासून त्यांच्या मागून गांधीलमाश्या पण यायला लागल्यात. दोघांचं एकदम ऐकायचं म्हणजे फार होतं."

मिठागराकडच्या बाईने पोराला उचलून दुसऱ्या बाजूला घेतलं. बाकावर दादाभोवती एकदम जागा झाली. मी त्या जागेत बसलो. दुसरं काही सुचलं नाही म्हणून बसलो.

पाटील घोंगडीतून बाहेर आले. दात वाजत होते तरी आवाज कचेरीचा. "डॉक्टर, हे मला वर कळवायला हवं."

"आधी जीभ दाखवा."

"मी काय म्हणतो—"

"जीभ."

पाटलांनी जीभ बाहेर काढली. ती बाहेर असतानाच डॉक्टर म्हणाले, "कळवायचं ते मी कळवीन. रोगी तपासला, औषध दिलं, पुढच्या बाजारी बोलावला. पुरे ना?"

"आणि मध्ये त्याने काही केलं तर?"

"मागच्या वर्षी तापात तुम्ही दिवाणजींना चावलात, असं ऐकतो. तुम्हांला कुठे पाठवलं?"

बाईने तोंडाला पदर लावला. पाटलांनी घोंगडी पुन्हा ओढून घेतली.

मग डॉक्टर दादासमोर उकिडवे बसले. ते जे बोलले ते मी आयुष्यभर मनात धरून ठेवलं आहे. ते म्हणाले, "हे बघ, यातलं मला फार कळत नाही. हिवतापातलंही सगळं कळतं असं नाही, तरी मी बघतोच. मुंबईला माझ्या ओळखीचे एक आहेत, त्यांना विचारतो. कोयनेल आजपासून बंद. कानातल्या निम्म्या माश्या त्याच्या आहेत, त्या जातील. उरलेल्यांचं बघू. झोपेचं औषध देतो, ते आईकडे राहील. विहिरीवर एकट्याने जायचं नाही. आणि दर बाजारी इथे यायचं. याच बाकावर."

"याच?" आईने विचारलं.

"माझ्याकडे दुसरा बाक नाही."

निघताना आईने भीत भीत विचारलं, "ठाण्याला तर...?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "खोटं सांगत नाही. इथे आटोक्यात आलं नाही, तर नेऊ. पण मी बरोबर येईन, हात न बांधता नेऊ, आणि परत आणायलाही मीच जाईन."

सुट्टी संपली, पण मी कॉलेजला गेलो नाही. ते दिवस आठवतात ते एखाद्या गोष्टीसारखे क्रमाने आठवत नाहीत. रहाटाचा कुरकुर आवाज थांबला की विहिरीकडे घेतलेली धाव आठवते. दादाच्या मागे मागे हिंडताना पायांखाली चुरचुरणारी वाळकी पानं आठवतात. केळी सोलून सोलून काळे पडलेले आईचे हात, आणि ते हात मध्येच थांबवून तिने मारलेली हाक: "जगन्नाथ?" तो "ओ" म्हणायचा. थोड्या वेळाने पुन्हा हाक, पुन्हा ओ. शेजारच्या वाडीतली माणसं बांधावरून डोकावत आणि आम्ही दिसलो की केळी मोजल्यासारखं करत.

देवी टोचणारा माणूस आठवतो. आमच्या घरात टोचायला लहान मूल नव्हतं, तरी तो आठवड्यातून एकदा सायकल टेकवून अंगणात यायचा. डॉक्टरांनीच त्याला सांगून ठेवलं होतं. देवी टोचणारा कुठल्याही घरात शिरला तरी कोणी का म्हणून विचारत नाही. तो मांडवाजवळ बसून दादाशी पिकाचं बोलायचा, मध्येच "झोप?" एवढं विचारायचा आणि एक सुकेळं चघळत निघून जायचा. आमच्यासाठी वेगळा माणूस नाही, वेगळा बाक नाही, वेगळा दिवस नाही. ताप, खरूज, देवी, आणि दादा, सगळं एकाच दारातून. त्या वेळी मला ती डॉक्टरांची अडचण वाटली होती. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून. आता वाटतं, वेगळं दार असतं तर आई त्या दारातून कधीच आत गेली नसती.

दुसऱ्या बाजारी ती मिठागराकडची बाई बाकावर होतीच. आम्ही दाराशी घुटमळलो. तिने दादाकडे बराच वेळ पाहिलं, मग पोराला मांडीवर ओढून घेतलं आणि शेजारच्या फळीवर थाप मारली. "बस. तुझ्या माश्या माझ्या पोराला चावायच्या नायत." आणि गुळाचा खडा मोडून अर्धा दादाला दिला. त्याने तो खाल्ला. आईने माझा हात धरला. महिन्याभरात त्याने कोणाच्या हातचं आपणहून काही खाल्लं नव्हतं.

बरा होतानासुद्धा तो सरळ बरा झाला नाही. चार दिवस बरे जात आणि पाचव्या दिवशी तो पुन्हा विहिरीकडे मान करून ऐकत बसे, आणि आई आणि मीही एकमेकांकडे न बघता तेच ऐकत बसायचो. शेवटच्या मांडवाची केळी उतरत आली होती. मी पडवीत पुस्तक उघडून बसलो होतो. अंगणातून एकदम दादाचा आवाज आला, चिडलेला: "अरे, कोणी उलटली नाहीत ही? एका बाजूने करपली सगळी. बाळू, पुस्तकात मान घालून कावळ्यांना जेवण घालतोस काय?"

आई आतून धावत आली. मला वाटलं ती घाबरली. ती अंगणात उभी राहून, "अजून बोल त्याला," असं म्हणत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

उमेळ्याच्या लोकांना डॉक्टरांच्या सांगण्यावरून सगळं खरं कळवलं. वर्षभर काही निरोप आला नाही. मग आला. वहिनी सगळं ठाऊक असून आमच्या घरी आल्या. आजही दादा अधूनमधून बाजारी त्या दवाखान्यात जातो. ते डॉक्टर बदलून गेले. बाक आहे, असं तो लिहितो.

हे सगळं मला पाठ आहे. पण पाठ असण्याचा उपयोग दुसऱ्याच्या वेळी होतो, स्वतःच्या वेळी होत नाही, हे मला या महिन्यात कळलं. मी नोकरीला आहे त्या या गावातही दवाखाना आहे. शाळेत जाताना मी त्याच्यासमोरून जातो. आत एक लांब बाक आहे, त्यावर माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया बसलेल्या असतात, आणि माझी पावलं आपोआप भराभर पडतात. परवा धीर करून पायरीपर्यंत गेलो. डॉक्टरांनी विचारलं तर काय सांगायचं, ते मनात जुळवत होतो, आणि काय सापडलं असेल? एकांतरा. आईचा एकांतरा. मग आठवलं, फवारणीवाले गेली काही वर्षं घराघरांत औषध मारून जातात, हिवताप या गावात फारसा राहिलेलाच नाही. आईला खोटं बोलायला ताप तरी होता. मी पायरीवरून परत फिरलो.

घरी आलो तेव्हा मुलगी करंडीला धरून उभी होती आणि बाहेरून ती हुंगत होती. तिला तिथून उचललं, टेबलापाशी बसलो आणि पत्र लिहिलं. लिहिलं तसं त्याच दिवशी टाकलंही. पुन्हा वाचलं असतं तर टाकलं नसतं.

ती. दादास,

सा. न. वि. वि.

करंडी पोचली. अजून सोडलेली नाही. तू आलास की सोडू.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. वहिनींना दाखव.

मला बरेच दिवस झोप नाही. जेवण जात नाही. कानात कोणी बोलत नाही. पण घर शांत झालं की कोणी बोलेल म्हणून मी कान देऊन बसतो, आणि तेच फार वाईट आहे. इथे कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर शाळेत काय होईल, सुमती काय म्हणेल, मुलीचं पुढे काय, हे सगळं एकदम डोक्यात येतं. तू तेव्हा पाटलांसमोर कसा बोललास, ते मला अजून कळत नाही. मी पदवी घेऊनही दवाखान्याच्या पायरीवरून परत आलो.

रहाट चार दिवस कोणाकडे तरी सोपव आणि ये. माझी समजूत घालू नकोस, काही बोलला नाहीस तरी चालेल. बाकावर माझ्याशेजारी नुसता बस. तुझ्याभोवती जागा झाली होती तशी माझ्याभोवती झाली तर त्या जागेत बस. डॉक्टर विचारतील, काय होतंय. तेव्हा तुझंच वाक्य मला बोलायचं आहे. ते माझ्या तोंडून निघेपर्यंत उठू नकोस.

आधी एकदा तुझ्यापाशी म्हणून बघतो.

दादा, मला ताप नाही.

तुझा,
बाळू